पहिलं बाळंतपण, तेही जर्मनीत : हेबामे शोधण्यापासून बाळाच्या पासपोर्टपर्यंत नेमकं काय काय करावं लागतं?

म्युनिकच्या फ्लॅटमध्ये टेस्टवर दोन रेषा दिसतात. पुण्याला व्हिडिओ कॉल लागतो. आनंदाचं रडणं आटोपलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या हॉस्पिटलात नाव घातलंस?"

आणि इथेच गडबड सुरू होते. कारण जर्मनीत पहिल्या महिन्यात हॉस्पिटल शोधून फारसं काही होत नाही. तिथे आधी शोधावी लागते ती हेबामे.

म्युनिक, स्टुटगार्ट, फ्रँकफर्ट, बर्लिन या शहरांत नोकरी-शिक्षणासाठी गेलेली मराठी जोडपी आता भरपूर आहेत. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि मग मुलगी आईकडे. जर्मनीत राहणाऱ्या मुलीचं माहेर सात-आठ तासांच्या विमानप्रवासावर असतं. त्यामुळे ही सगळी व्यवस्था नवरा-बायकोला दोघांनाच उभी करावी लागते, तीही परक्या भाषेत आणि परक्या कायद्यात.

हेबामे म्हणजे सुईण, पण आपल्या डोक्यातली सुईण नाही

सुईण म्हटलं की आपल्याला गावाकडची अनुभवी म्हातारी आठवते. जर्मनीतली हेबामे ही शिकलेली, परवाना असलेली व्यावसायिक असते. तिचं स्थान इतकं पक्कं आहे की कायद्यानुसार प्रत्येक प्रसूतीच्या वेळी हेबामे हजर असावीच लागते. मोठ्या हॉस्पिटलातला डॉक्टरसुद्धा आणीबाणी सोडून तिच्याशिवाय बाळंतपण करत नाही.

पण शोधायची असते ती वेगळी हेबामे, बाळंतपणानंतर घरी येणारी. बाळ झाल्यावर पहिले दहा दिवस ती रोज घरी येऊ शकते आणि नंतर बाराव्या आठवड्यापर्यंत आणखी १६ भेटी मिळतात. टाके नीट भरतायत का, दूध येतंय का, बाळाचं वजन वाढतंय का, नाळ कधी पडणार, सगळं ती पाहते. सरकारी आरोग्य विमा असेल तर या भेटींचे पैसे द्यावे लागत नाहीत. आई जवळ नसलेल्या मुलीसाठी ही सोय किती मोठी आहे, हे वेगळं सांगायला नको.

अडचण एकच, मोठ्या शहरांत हेबामे मिळता मिळत नाही. म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात फोन आणि ईमेल सुरू करायचे असतात. "तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही" हा आपला नियम नातेवाइकांसाठी ठेवावा, हेबामेला त्यातून वगळावं. उन्हाळ्याच्या किंवा ख्रिसमसच्या सुट्टीत तारीख असेल तर शोध आणखी अवघड होतो.

मुटरपास नावाची छोटी वही

तपासण्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे होतात. गर्भधारणा पक्की झाली की डॉक्टर एक छोटी पुस्तिका देतात, तिचं नाव मुटरपास. १९६१ पासून जर्मनीत ही पद्धत आहे. रक्तगट, तपासण्या, सोनोग्राफी, वजन, रक्तदाब, सगळं त्यात लिहिलं जातं. ती कायम पर्समध्ये ठेवायची असते. रस्त्यात काही झालं तर कुठल्याही हॉस्पिटलला ती पाहून सगळं कळतं.

नेहमीच्या तपासण्या ३२ व्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी आणि मग दर दोन आठवड्यांनी होतात. सोनोग्राफी मात्र विम्यात तीनच बसतात. दर महिन्याला सोनोग्राफीची सवय असलेल्या घरच्यांना हे ऐकून धक्का बसतो, पण यात हलगर्जीपणा नाही, तिथली पद्धतच तशी आहे. २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखरेची तपासणी होते. भारतीय वंशाच्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका जास्त असतो, त्यामुळे ती टाळू नये.

आणखी एक धक्का. आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी सेंटरबाहेर गर्भलिंगनिदान गुन्हा असल्याची पाटी असते. जर्मनीत गर्भधारणेला १२ आठवडे होईपर्यंत लिंग सांगायला बंदी आहे, त्यानंतर डॉक्टर सांगू शकतात. ऐकायचं नसेल तर आधीच तसं सांगून ठेवावं, नाहीतर डॉक्टर सहज बोलून जातात.

हॉस्पिटलचं नाव साधारण ३० ते ३४ व्या आठवड्यात नोंदवतात. बहुतेक हॉस्पिटलं होणाऱ्या आई-बाबांसाठी माहितीची संध्याकाळ ठेवतात. पाठीतून दिली जाणारी वेदनाशामक भूल हवी असेल तर तिच्या संमतीची चर्चा आधीच करून घेतलेली बरी. कळा सुरू असताना जर्मनमधला फॉर्म कोण वाचणार? 'वेहेन' म्हणजे कळा आणि 'प्रेसेन' म्हणजे जोर लावणं, इतके शब्द तरी नवऱ्याला पाठ हवेत. रुग्णवाहिकेसाठी नंबर ११२.

नोकरी आणि पैशांचं काय?

नोकरी करणाऱ्या बाईला मुटरशुट्झ म्हणजे प्रसूतीचं संरक्षण मिळतं, नागरिकत्व कुठलंही असो. तारखेच्या ६ आठवडे आधी आणि बाळ झाल्यावर ८ आठवडे सुट्टी. जुळं असेल किंवा बाळ वेळेआधी झालं असेल तर नंतरचे १२ आठवडे. या काळात विमा कंपनीकडून दिवसाला १३ युरोपर्यंत आणि उरलेली रक्कम कंपनीकडून, म्हणजे हातात येणारा पगार जवळपास तेवढाच राहतो. गरोदर असल्यापासून बाळ चार महिन्यांचं होईपर्यंत नोकरीवरून काढता येत नाही. १ जून २०२५ पासून १३ व्या आठवड्यापासून पुढे गर्भपात झाला तरी संरक्षित सुट्टी मिळते. ही गोष्ट अनेकींना माहीतच नसते.

भारतात २६ आठवडे मिळतात, मग इथे कमीच की, असं वाटू शकतं. पण त्यानंतर एल्टर्नगेल्ड सुरू होतं. साधारण निव्वळ पगाराच्या ६५ टक्के, किमान ३०० आणि कमाल १८०० युरो महिन्याला. दोघांनी वाटून घेतलं तर एकूण १४ महिने. डिपेंडंट व्हिसावर घरी असलेल्या बायकोलाही किमान रक्कम मिळू शकते, मात्र निवास परवान्याचा प्रकार कोणता यावर ते अवलंबून असतं. शिक्षणासाठी आलेल्यांचे नियम कडक आहेत. याशिवाय किंडरगेल्ड, २०२५ मध्ये दरमहा २५५ युरो.

बाबांसाठी वेगळी पितृत्व रजा मात्र कायद्यात नाही. बाळ आल्याबरोबर घरी राहायचं तर वार्षिक सुट्टी वापरावी लागते किंवा एल्टर्नत्साइट म्हणजे पालकत्व रजा घ्यावी लागते. तिची सूचना सात आठवडे आधी द्यावी लागते. बरेच बाबा इथेच चुकतात, बाळ झाल्यावर कंपनीला विचारतात.

विम्याची एक गोष्ट आधीच तपासावी. परदेशी पाहुण्यांसाठीचे स्वस्त विमे अनेकदा गरोदरपणाचा खर्च देत नाहीत आणि खासगी विम्यात प्रसूतीसाठी आठ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं.

मग आईला कधी बोलवायचं?

हा प्रश्न घरोघरी वादाचा. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. आधी बोलवलं आणि बाळ उशिरा आलं तर आईचे दिवस वाट बघण्यातच जातात. तारखेच्या एक-दोन आठवडे आधी बोलवून उरलेला सगळा वेळ नंतरसाठी ठेवणं जास्त सोयीचं. कित्येक जोडपी दोन्ही आज्यांच्या पाळ्या लावतात, आधी हिची आई, मग त्याची. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा लागतो.

आईच्या बॅगेचाही प्रश्न असतो. डिंक, अळीव, शेपा, ओवा, सुंठ हे नेता येतं. साजूक तूप मात्र नाही, कारण युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. तिथल्या सुपरमार्केटमधलं बिनमिठाचं लोणी कढवून घरी उत्तम तूप होतं, आणि लाडू तिथेच वळता येतात. हॉस्पिटलात रात्री बाळंतिणीसमोर पाव, चीज आणि लोणचं घातलेली काकडी येते, त्यामुळे नवऱ्याने डबा नेण्याची तयारी ठेवावी.

घरी आल्यावर आजी आणि हेबामेची पहिली चकमक होते. बाळाला उताणंच झोपवायचं, उशी-गोधडी नको, काजळ नको, मध नको, घुटी नको, असं हेबामे सांगते. यातल्या मधाच्या आणि काजळाच्या बाबतीत भारतातले बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. तेल मालिशला तिची सहसा हरकत नसते. धुरीचं मात्र सांभाळून, कारण जर्मनीत झोपण्याच्या खोलीत धूरसूचक यंत्र सक्तीचं आहे.

आणि आजी परत गेल्यावर? अंधार लवकर पडणारा नोव्हेंबर, नवरा ऑफिसात, बाळ रडतंय. सतत रडू येणं, झोप न लागणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ते नाटक नसतं, आजार असतो. हेबामे आणि डॉक्टर दोघांनाही ते सांगता येतं.

खरी परीक्षा श्टांडेसाम्टमध्ये

श्टांडेसाम्ट म्हणजे जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचं कार्यालय. जन्माची माहिती एका आठवड्यात तिथे जायला हवी. हॉस्पिटलात बाळ झालं तर ते काम हॉस्पिटल करतं, कागद मात्र आई-बाबांना द्यावे लागतात. दोघांचे पासपोर्ट, दोघांचे जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र आणि शपथबद्ध अनुवादकाने केलेली जर्मन भाषांतरं.

आता मराठी घरांतले जन्मदाखले आठवा. ८०-९० च्या दशकातल्या अनेक दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना रिकामा असतो, फक्त आई-वडिलांची नावं आणि 'स्त्री' किंवा 'पुरुष'. काहींत आडनाव वेगळ्या स्पेलिंगचं. लग्नानंतर सासरी पहिलं नावही बदललेलं असेल तर जन्मदाखल्यावर एक बाई, विवाह प्रमाणपत्रावर दुसरी आणि पासपोर्टवर तिसरी. जर्मन अधिकाऱ्याच्या दृष्टीने या खरोखर तीन बाया आहेत.

त्यात भर म्हणजे भारताच्या अपोस्टिल करारातल्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे. त्यामुळे भारतीय दाखल्यावर अपोस्टिलचा शिक्का असला तरी श्टांडेसाम्टला तो मानणं बंधनकारक नाही. शंका आली तर ते भारतातल्या जर्मन दूतावासामार्फत कागदांची पडताळणी मागू शकतात, आणि त्यात महिने जातात. ओळख पूर्ण सिद्ध झाली नाही तर जन्मदाखल्याऐवजी शेरा मारलेला नोंदवहीचा उतारा मिळतो. तो सरकारी कामाला चालतो, पण प्रत्येक खिडकीवर समजावून सांगत बसावं लागतं. उशीर महागातही पडतो, कारण एल्टर्नगेल्ड मागचं फक्त तीन महिन्यांचंच मिळतं.

म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यातच आपल्या गावच्या श्टांडेसाम्टला ईमेल करून यादी मागवावी, कारण प्रत्येक कार्यालयाची यादी थोडी वेगळी असते. महापालिका किंवा ग्रामपंचायतीतून नाव घातलेला, मराठी-इंग्रजी असा दुभाषी दाखला काढून घ्यावा. मराठीचे शपथबद्ध अनुवादक मोजके, इंग्रजीचे ढिगाने.

बारशाचं काय? बाराव्या दिवशी नाव ठेवायचं आणि आठवड्यात नोंदणी, हे जमणार कसं? कायद्यात वाट आहे. जन्म आठवड्यात कळवायचा, पण नाव ठरलेलं नसेल तर ते एका महिन्यात कळवता येतं. बारसं व्यवस्थित बसतं, फक्त दाखला तेवढा उशिरा हातात येतो.

मधलं नाव हा आणखी एक गुंता. मुलाच्या नावामागे वडिलांचं नाव लावायची आपली पद्धत जर्मन नोंदवहीत बसत नाही. तिथे पहिलं नाव आणि आडनाव इतकंच असतं. वडिलांचं नाव हवंच असेल तर ते दुसरं 'पहिलं नाव' म्हणून जाऊ शकतं, पण मुलीच्या नावात पुरुषी नाव आलं तर अधिकारी प्रश्न विचारू शकतो. एकदा लिहिलेलं नाव बदलणं सोपं नाही, आणि पुढे भारतीय पासपोर्टवर तेच येतं.

बाळ कुठल्या देशाचं?

जर्मनीत जन्मलं म्हणून बाळ आपोआप जर्मन होत नाही. जन्माच्या वेळी आई किंवा वडील किमान पाच वर्षं कायदेशीरपणे तिथे राहत असतील आणि त्यांच्याकडे कायमस्वरूपी निवासाचा हक्क असेल तरच ते जर्मन नागरिक होतं. ही मुदत आधी आठ वर्षं होती, जून २०२४ मध्ये पाच झाली. जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. त्यामुळे अशा बाळासाठी बहुतेक जण जर्मन पासपोर्ट आणि मग ओसीआय कार्ड काढतात.

बाकीच्यांच्या बाळाचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात नोंदवावा लागतो. बर्लिन, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग आणि म्युनिकमध्ये ही कार्यालयं आहेत. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांना लिहून द्यावं लागतं. मग भारतीय पासपोर्ट. त्यासाठी पंधरा दिवसांच्या बाळाचा डोळे उघडे असलेला फोटो काढणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. पासपोर्ट आला की बाळाच्या निवास परवान्यासाठी अर्ज, तोही जन्मापासून सहा महिन्यांच्या आत.

हे कार्ड हातात येईपर्यंत भारताचं तिकीट काढू नये. जाता येईल, परत येताना बाळासाठी व्हिसा मागत बसावं लागेल. आणि जाण्याआधी बालरोगतज्ज्ञाला बीसीजीबद्दल विचारावं. भारतात जन्मल्याबरोबर दिली जाणारी ही लस जर्मनीच्या नेहमीच्या लसीकरणात १९९८ पासून नाही.