स्वभावातली बलस्थानं म्हणजे काय? मनाच्या आरोग्यासाठी ती किती पुरतात?

कपाशीवर बोंडअळी आली, पाऊस लांबला, कर्ज डोक्यावर आहे. अशा वेळी अमरावती-अकोला पट्ट्यातल्या शेतकऱ्याला सल्ला मिळतो, 'मन खंबीर ठेवा.' पण खंबीर मन म्हणजे नेमकं काय? आणि तेवढ्यावर भागतं का?

बलस्थानं कोणती?

ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये माणसाच्या २४ बलस्थानांची यादी मांडली. धैर्य, दयाळूपणा, चिकाटी, कुतूहल, कृतज्ञता, आशा, विनोदबुद्धी ही त्यातली काही. प्रत्येकात यातली काही ठळक असतात, काही कमी.

फायदा कसा होतो?

२००५ च्या एका प्रयोगात लोकांना आठवडाभर आपलं ठळक बलस्थान रोज नव्या पद्धतीने वापरायला सांगितलं. त्यांच्या समाधानात झालेली वाढ सहा महिन्यांनंतरही दिसली. म्हणजे गुण नुसता असून चालत नाही, तो वापरात हवा.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांकडे पाहा. विनोदबुद्धी, सेवाभाव आणि चिकाटी हे गुण त्यांनी कीर्तनात आणि झाडू हातात घेऊन गावोगावी वापरले. त्यातून धर्मशाळा उभ्या राहिल्या.

मग खचलेला माणूस कमकुवत असतो का?

नाही. नैराश्य हा आजार आहे, स्वभावातला दोष नाही. चिकाटी असलेल्यालाही तो होतो. कर्ज आणि नापिकीही कुणाच्या स्वभावातून येत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवला गेला. गावपातळीवरचे कार्यकर्ते लोकांशी बोलायचे, समुपदेशक ऐकून घ्यायचे, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं जायचं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

थोडक्यात, मदत मागायलाही धैर्य लागतं, आणि शेजाऱ्याचा दयाळूपणा तिथेच कामी येतो.

काय करता येईल?

- आपला एक ठळक गुण ओळखा आणि आठवडाभर रोज वेगळ्या कामात वापरा.
- घरातल्या माणसाला त्याचा चांगला गुण उदाहरणासह सांगा.
- झोप उडाली, कशातच मन रमेना आणि असं दोन आठवडे चाललं, तर डॉक्टरांना भेटा.
- जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका. सरकारच्या 'टेली-मानस' हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं.