डोनोराचे धुके आणि डिचोलीची धूळ

मी मूळचा पेडण्याचा. नोकरीमुळे काही वर्षे डिचोलीला जायचो. सकाळी कचेरीतल्या फायलींवरून हात फिरवला की बोटे तांबडी व्हायची. घरी परतलो की आई म्हणायची, "डिचोली अंगावर घेऊन आलास रे!" आम्ही हसायचो.

डोनोराविषयी वाचताना ते हसणे आठवले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, मोनोंगाहेला नदीच्या वळणावर, पोलाद आणि जस्ताच्या कारखान्यांभोवती वसलेले हे गाव. वस्ती सुमारे 14 हजार. 1948 च्या ऑक्टोबरअखेर दरीच्या तळाशी थंड हवा बसली आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडले. धूर वर जाईना. तरी शुक्रवारी मिरवणूक निघाली, शनिवारी फुटबॉलचा सामनाही झाला. धूर रोजचाच ना! त्या पाच दिवसांत 20 माणसे गेली, सुमारे 6 हजार आजारी पडली. रविवारी भट्ट्या मंदावल्या, पाऊस आला आणि हवा मोकळी झाली. कंपनीने याला ईश्वराची करणी म्हटले. पण चौकशी झाली आणि 1955 मध्ये अमेरिकेचा वायुप्रदूषणाविषयीचा पहिला केंद्रीय कायदा झाला. आपला कायदा 1981 चा. त्यानंतर तीनच वर्षांनी भोपाळ घडले.

डिचोलीत असे पाच दिवस आले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर आपले खनिज जपानला जाऊ लागले. खाणीतून ट्रक, जेटीवरून बार्ज, पुढे मुरगाव बंदर. वाटेवरची धूळ माडांवर, विहिरींवर, आंगणातल्या तुळशीवर बसत राहिली. मी कारकून माणूस, दाखल्यावर लिहिलेले तेवढेच खरे मानायची सवय. पण मृत्यूच्या दाखल्यावर 'धूळ' हे कारण मी कधी पाहिले नाही. डोनोराची 20 माणसे पाच दिवसांत गेली म्हणून मोजता आली. वर्षानुवर्षे पसरलेला दमा कोण मोजणार?

2012 मध्ये खाणी थांबल्या, माड हिरवे दिसू लागले. पण ट्रकवाल्यांच्या कर्जाचे हप्ते थांबले नाहीत. डोनोरातही 1957 मध्ये जस्ताचा कारखाना बंद झाला तेव्हा कामगारांची रोजीरोटी गेली. धूर सोसणारे आणि धुरावर जगणारे एकाच घरात असतात.

2024 पासून डिचोलीत पुन्हा खाणकाम सुरू झाले आहे. पोट की फुप्फुस, असा प्रश्न गावाला घालणे हा न्याय नव्हे. निदान वाड्यावाड्यावरच्या श्वसनविकारांची नोंद तरी दरवर्षी व्हावी. नोंदच नसेल, तर उद्या आपणही त्याला ईश्वराची करणी म्हणून मोकळे होऊ.