निराधारांचे घर : मुक्तिसदनाचा इतिहास आणि आपले कर्तव्य



‘यतीम’ हा शब्द आपल्या घराघरांत आदराने उच्चारला जातो. आपले पैगंबर हजरत मुहंमद (स.) जन्मापूर्वीच पित्याला आणि सहाव्या वर्षी मातेला पारखे झाले होते, हे आपल्या लेकरांना लहानपणापासून ठाऊक असते. रमजानमध्ये जकात आणि सदका काढताना यतिमाची आठवण हटकून होते. परंतु आठवण झाल्यावर पुढे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. एका ईदचे कपडे वर्षभर पुरत नाहीत आणि एका वेळचे जेवण दुसऱ्या दिवसाची भूक भागवीत नाही. निराधार मुलाला माणूस म्हणून उभे करावयाचे तर काय काय लागते, हे समजून घेण्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील एका घराचा इतिहास आज आपल्यासमोर ठेवीत आहे. ते घर ख्रिस्ती धर्माच्या प्रेरणेने उभे राहिले. परंतु ज्ञान जेथे मिळेल तेथून घ्यावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

त्या घराची संस्थापिका पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये अशी त्या काळची रूढी असताना त्यांनी पत्नीला व मुलीला ती विद्या दिली. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगत फिरत असे. दक्षिणेत दुष्काळ पडला, जवळचे सारे संपले आणि १८७४ साली काही आठवड्यांच्या अंतराने वडील व आई दोघेही उपासमारीने गेले. त्यानंतर थोरली बहीणही गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. ही दोन भावंडे अनवाणी, अर्धपोटी, हजारो मैल हिंदुस्थानभर चालत राहिली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. ज्या मुलीला पुढे जगाने पंडिता म्हणून ओळखले, ती चार वर्षे बेघर होती. तिच्यापाशी छप्पर नव्हते, अन्न नव्हते, पण विद्या होती. त्या विद्येनेच तिला तारले. ज्यांच्यापाशी विद्याही नव्हती अशा शेकडो मुलींचे त्याच रस्त्यांवर काय झाले असेल, हे रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

१८८२ साली त्यांना वैधव्य आले. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर अमेरिकेत जाऊन त्यांनी हिंदी विधवांच्या शिक्षणासाठी निधी जमविला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ ही शाळा उघडली. पुढच्याच वर्षी ती पुण्यास गेली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी तिच्या सल्लागार मंडळात होती. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते.

यानंतर जे घडले ते आपण नीट समजून घेतले पाहिजे. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. काही मुली स्वखुशीने तेथे जाऊन बसू लागल्या. मुली बाटविल्या जात आहेत असा गवगवा झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले. वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेले. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणावर सक्ती केली नाही आणि माझे दारही बंद करणार नाही. पालकांचे म्हणणे असे की, ज्या लेकराला दुसरे घरच नाही, त्याची खुशी ती कसली? दोन्ही बाजूंत तथ्य होते. मुलगी ज्या हाताने जेवते त्या हाताकडे ओढली जाणारच, हे खरे. पण टीकाकारांपैकी कितीजणांनी त्या मुलींसाठी स्वतःचे दार उघडले होते, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

त्याचे उत्तर एका माणसाने कृतीने दिले. शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी प्रा. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. त्याच कामातून पुढे हिंगण्याचा आश्रम आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. एका घराशी मतभेद झाला म्हणून दुसरे घर बांधले गेले. भांडणाचा असा शेवट सर्वांच्याच फायद्याचा असतो.

इकडे १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. मदतकेंद्रांच्या आसपास मुलींना फूस लावून नेणारे दलाल फिरत होते. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ सुरू झाल्यामुळे त्यांना शहरात ठेवणे शक्य झाले नाही. तेव्हा दौंड तालुक्यात केडगाव येथे घेतलेल्या शेतावर तंबू आणि झोपड्या उभारून सर्वांची सोय करण्यात आली. हेच ते मुक्तिसदन. १८९८ साली तेथे पक्क्या इमारतींना आरंभ झाला. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि तेथील राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या लोकांना नुसते जेवू घालणे हेच केवढे काम! परंतु रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. विहिरी खोदल्या, शेती केली. मुलींना वाचन-लेखनाबरोबर विणकाम, शिवणकाम, दूधदुभते, तेलघाणा आणि छापखान्याचे काम शिकविले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंत सारे मुलीच करीत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाई. फसविल्या गेलेल्या तरुण मुलींसाठी ‘कृपा सदन’ होते, वृद्ध व अपंगांसाठी ‘प्रीति सदन’ आणि मुलांसाठी ‘सदानंद सदन’ होते. रमाबाई १९२२ साली वारल्या. त्यांचे काम मात्र चालू राहिले.

अशी घरे सर्व धर्मांच्या लोकांनी बांधली आहेत. बगदाद सोडून मुंबईस आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत सुधारशाळा निघाली. पोलिसांच्या हाती लागलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी तेथे हुन्नर शिकविला जाऊ लागला. मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवर झोपणाऱ्या मुलांसाठी १९६२ साली जेझुइट धर्मगुरूंनी ‘स्नेहसदन’ सुरू केले. आपल्या समाजात वक्फाच्या उत्पन्नातून यतीमखाने चालविण्याची परंपरा जुनी आहे, आणि १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या अंजुमन-ए-इस्लामने शिक्षणाचा पाया घातला.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, पण दुष्काळाशी त्याचे नाते त्याहून जुने आहे. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांना आठवतो, २०१२-१३ चा आपण स्वतः पाहिला. दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि वर्गातील बाके रिकामी होतात. काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात, काही आजी-आजोबांजवळ राहतात, तर काही चहाच्या टपरीवर, गॅरेजवर लागतात. या मुलांचे आईबाप जिवंत आहेत, म्हणून आपण त्यांना यतीम म्हणत नाही. पण सहा महिने ती निराधारच असतात.

केडगावच्या इतिहासातून आपण तीन गोष्टी घ्याव्यात, असे मला वाटते. पहिली, छप्पर, अक्षर आणि हुन्नर या तिन्ही गोष्टी एकत्र द्याव्या लागतात. एक जरी वगळली तरी मूल पुन्हा रस्त्यावर येते. दुसरी, काम कायद्याच्या चौकटीत हवे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलांचे प्रत्येक वसतिगृह-अनाथालय नोंदलेले असले पाहिजे आणि निराधार मूल सापडल्यास चोवीस तासांच्या आत कळविले पाहिजे. त्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे, जिल्ह्याची बाल कल्याण समिती आहे. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेने परत पाठवू नये, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. हे आपल्या मोहल्ल्यातील प्रत्येक घराला माहीत असावयास हवे.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. १८९३ साली पुण्यात जो प्रश्न उठला तो उद्या आपल्या दारातही उठेल. एखाद्या हिंदू ऊसतोड कामगाराचे लेकरू आपल्या वसतिगृहात आले, तर त्याला आपण जागा देऊ काय? आणि दिली, तर त्याचा धर्म त्याच्यापाशी राहू देऊ काय? आपले यतीम मूल दुसऱ्याच्या आश्रमात गेले तर तेथे त्याने आपला कलमा विसरू नये, अशी आपली अपेक्षा असते. मग तेच माप आपल्याकडे येणाऱ्या लेकरालाही लागू केले पाहिजे. मदतीच्या बदल्यात काही मागावयाचे नाही, ही खैरातीची पहिली अट आहे.

पालकहो, यंदा जकातीचा हिशेब कराल तेव्हा आपल्या गल्लीतील एखाद्या अशा मुलाचे नाव आठवा. त्याची वही, त्याचे जेवण आणि त्याच्या हातातील हुन्नर या तिन्हींची वर्षभराची जबाबदारी चार घरांनी मिळून उचलली, तरी पुष्कळ होईल. रमाबाईंपाशीही आरंभी तंबू आणि झोपड्याच होत्या.