गृध्रसी व तिच्या उपचारांचा इतिहास

कमरेपासून टांचेपर्यंत एखादी तापलेली तार ओढावी तशी कळ ज्यानें एकदां सोसली, त्यास गृध्रसीचा, अर्थात् सायाटिकेचा, परिचय निराळा करून द्यावयास नको. आम्हांस तो पन्नाशी उलटल्यावर झाला. आमच्या वयोवृद्ध डॉक्टरांनीं त्यांच्या गुरूंचाच उपदेश आम्हांस केला: 'पडून रहा.' आम्ही सहा आठवडे पडून राहिलों. कळ ओसरली, परंतु उठून उभे राहिलों तेव्हां पायांतील बळही ओसरल्याचें ध्यानांत आलें. हा उपदेश आला कोठून, या जिज्ञासेंतून पुढील शोध घडला.

आपल्या वैद्यकांत हा रोग फार जुना आहे. चरकसंहितेंत त्याची वाट क्रमवार सांगितली आहे. कळ प्रथम कुल्ल्यांत उठते आणि कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी अशी पावलापर्यंत उतरते. सुश्रुतानें दुसऱ्याच लक्षणावर बोट ठेविलें. रोग्यास पाय उचलतां येत नाहीं, ही त्याची खूण. रोगाचें कारण या ग्रंथांनीं वातप्रकोप हें मानिलें. आधुनिक शरीरशास्त्र तें निराळें सांगतें. तथापि त्यांचें निरीक्षण अचूक होतें, एवढें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. त्याहून अधिक देणें हा इतिहास नव्हे, अभिमान होय.

युरोपांत सांध्याचें दुखणें व हा रोग यांची दीर्घकाळ गल्लत होत असे. १७६४ सालीं नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यानें आपल्या लॅटिन ग्रंथांत ती सोडविली व मज्जातंतूचें दुखणें वेगळें काढून दाखविलें. पुढें १८८० सालीं लाझा लाझारेविच या सर्बियन वैद्यानें, उताण्या निजविलेल्या रोग्याचा सरळ पाय उचलून पाहण्याची परीक्षा वर्णन केली, व तंतु ताणला जाऊन कळ येते असें कारण दिलें. पुढल्याच वर्षीं फ्रान्समध्यें फोर्स्ट यानें तीच परीक्षा आपले गुरु लासेग यांच्या नांवें प्रसिद्ध केली. कारण मात्र स्नायूंनीं तंतु दाबला जाणें हें सांगितलें. खरें कारण सर्बियन वैद्याचें ठरलें, कीर्ति फ्रेंच गुरूची झाली! लहान भाषेंत लिहिणारांचें असें पुष्कळदां होतें. मराठी वाचकांस हें सांगावयास नको.

१९३४ सालीं बोस्टनच्या मिक्स्टर व बार यांनीं, मणक्यांमधील गादी सरकून तंतूचें मूळ दाबलें जातें हें दाखवून दिलें. शोध मोठा खरा. परंतु हालचालीनें गादी अधिक सरकेल या भीतीस त्यानें बळ मिळालें, आणि आधींच रूढ असलेलें अंथरूण शास्त्रसंमत वाटूं लागलें.

या समजुतीस एक धक्का केवळ योगायोगानें बसला. १९५६ सालीं न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथें रॉबिन मॅकेंझी या व्यायामोपचारकाचा एक रोगी, डोक्याकडची बाजू उंच राहिलेल्या मेजावर चुकून पालथा पडून राहिला. कांहीं मिनिटांनीं पाहतात तों पायाची कळ नाहींशी! त्यावरून मॅकेंझीनें पुढें नियम बसविला कीं, ज्या हालचालीनें कळ पायांतून कमरेकडे परतते ती हितकर, जिनें ती पायांत खालीं उतरते ती वर्ज्य. चरकानें सांगितलेली वाट कळेस उलट चालावयास लावणें, एवढाच याचा मथितार्थ.

शेवटीं १९९९ सालीं नेदरलंड्समधील १८३ रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. सुमारें निम्म्यांस दोन आठवडे अंथरूण, उरलेल्यांस जमेल तसें हिंडणें-फिरणें. बारा आठवड्यांनीं दोन्ही गटांत शेंकडा ८७ रोगी सुधारले. म्हणजे बहुतेकांस काळच बरें करतो. अंथरूण त्यांत कांहीं भर घालीत नाहीं.

व्यायाम ही जादू नव्हे, हेंही येथें सांगितलें पाहिजे. पालथें पडून कोपरांवर छाती उचलणें आणि रोज चालणें पुष्कळांस मानवतें. मांडीच्या मागील बाजूस ताण द्यावयाचा तो मात्र कळ शमल्यावर व हलकेच. सरळ पाय उचलणें म्हणजे दुखऱ्या तंतूसच ताणणें, हें लाझारेविचनें सांगून ठेविलें आहे. लघवी अडली, जांघांमध्यें बधिरता आली किंवा पाऊल लुळें पडूं लागलें, तर व्यायाम बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गांठावें.

आमच्या डॉक्टरांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांनीं आपल्या गुरूंवर विश्वास ठेविला, आम्ही त्यांच्यावर. आतां आम्ही रोज सकाळीं पाऊण तास चालतों. मध्यंतरीं कळ दोनदां परतली, पण सहा आठवड्यांचें अंथरूण पुन्हां धरावें लागलें नाहीं.