आंबा घाट, सकाळी ७.२४

सकाळी ७ वाजून २४ मिनिटांनी आंबा घाटात आमच्या गाडीचं इंजिन बंद पडलं. ते पुन्हा सुरू झालं नाही. त्याआधीच्या बारा तासांचा हा घटनाक्रम.

आदली संध्याकाळ, ७.३०. भाट्ये.
गाडी अंगणात जरा पुढे घेतली. मागे ताटलीएवढा ओला डाग राहिला होता. हिरवट, बोटाला बुळबुळीत. ‘एसीचं पाणी असेल,’ म्हटलं. डिसेंबर होता. एसी चार दिवसांत लावलाच नव्हता.

रात्री ९.१५.
बोनेट उघडून बघायचं ठरलं. टॉर्च सापडला नाही. सकाळी बघू.

पहाटे ५.१०.
इंजिन गार होतं. कूलंट बघायची हीच वेळ. टाकीवर किमान-कमाल अशा दोन रेघा असतात, झाकणसुद्धा उघडावं लागत नाही. आईला ११ वाजता कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचवायचं होतं. बोनेट उघडलं नाही.

५.२०.
भाट्ये पूल ओलांडला. खाडीवरून खारा वारा येत होता. याच वाऱ्याने रेडिएटरच्या खालच्या होज पाइपची क्लिप गंजून सैल झाली होती. ते दुपारी कळलं.

५.५०. हातखंबा.
तापमानाचा काटा मधोमध, जिथे असायला हवा तिथेच. क्लिपपाशी थेंब थेंब गळत होतं.

६.१०. नाणीज.
गारठा वाढला. हीटर लावला. भाट्यात हीटरची गरज वर्षातून चार दिवसही पडत नाही. दोन मिनिटांनी आई म्हणाली, “अरे, पायांवर गारच वारा येतोय.” बटण बिघडलं असेल, असं सांगून हीटर बंद केला.

बटण ठीक होतं. हीटरला स्वतःची आच नसते. इंजिनातलं गरम पाणी, म्हणजे कूलंटच, त्याच्या छोट्या जाळीतून फिरतं, पंखा त्यावरून हवा आत सोडतो. पाणी कमी झालं की बऱ्याचदा आधी तिथे हवा शिरते.

६.३५. साखरपा.
चहाला थांबलो. दहा मिनिटं. काटा मध्याच्या थोडा वर. “कसला रे हा गोडसर वास?” आईने विचारलं. कूलंटचा वास असाच असतो. चहा संपला, निघालो.

७.०५. घाट सुरू.
दुसरा गिअर, चढ, पुढे ट्रक. काटा पाऊण भागावर. इंधनाची जवळपास एक तृतीयांश उष्णता पाण्याने बाहेर न्यायची असते. पाणी तर कमी झालंच होतं, आणि गळतीमुळे दाबही राहिला नव्हता. दाब असतो तोवर ते शंभर अंशांनाही उकळत नाही.

७.१२.
काटा लाल रेघेला टेकला. थांबायला जागा होती. ‘माथा आला की थांबू.’

७.१७.
काटा खाली आला, पार मध्यावर. हायसं वाटलं. खरं तर काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. तो आता कोरडा पडला होता.

७.२२.
ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढेना. खडखड आवाज. बोनेटच्या फटीतून वाफ.

७.२४.
इंजिन बंद.

दुपारी गॅरेजमध्ये मेकॅनिकने डिपस्टिक पुढे धरली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. गॅस्केट उडालं होतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकलं होतं, पिस्टन चिकटले होते. मग त्याने ती क्लिप दाखवली. तळहाताच्या मध्यावर मावेल एवढी. आईची डॉक्टरांची वेळ तर केव्हाच टळली होती.

काटा वर आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही हवा गार, तर बहुधा पाणी संपलंय किंवा पंप ते फिरवत नाही. काटा खालीच राहून हीटर गार असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याची शक्यता जास्त. पहिल्या प्रकारात गाडी जागीच थांबवा, इंजिन बंद करा आणि ते पूर्ण निवेपर्यंत कूलंटच्या झाकणाला हात लावू नका. आणि किनाऱ्यावर राहत असाल तर दर आठवड्याला, इंजिन गार असताना, त्या दोन रेघा बघा. त्याला एक मिनिटसुद्धा लागत नाही.