ओझरचा कारखाना आणि घरची शिल्लक

नाशिकहून आग्रा रस्त्याने निघाले की बाणगंगेकाठचे ओझर लागते. या शेतीप्रधान परिसरात १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला. चिनी आक्रमणानंतरचा तो काळ. तत्कालीन संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. तंत्रज्ञान सोव्हिएत संघाचे. पण अशा प्रकल्पांसाठी देशाने पैसा उभारला कोठून?

काही करांतून, काही परकीय कर्जांतून आणि बराचसा सामान्य कुटुंबांच्या बचतीतून. डाकघर बचत बँक १८८२ पासूनची. अल्पबचत हा पंचवार्षिक योजनांचा एक आधारच होता. तरीही पैसा अपुरा पडे. म्हणून १९६३ मध्ये सरकारने सक्तीची ठेव योजना आणली. त्याच वर्षी सुवर्णनियंत्रण आदेशाने चौदा कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. लोकांचा सोन्याचा मोह सुटला नाही. सोनारांच्या चुली मात्र थंडावल्या. १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट गेली आणि १९९० मध्ये सुवर्णनियंत्रण कायदाच रद्द झाला.

सक्तीला जे साधले नाही, ते विश्वासाने साधते. वसईच्या कॅथॉलिकांनी १९१८ मध्ये सहकारी पतसंस्था स्थापन केली; तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. एकाची ठेव दुसऱ्याचे भांडवल बनली. प्रभू येशूच्या दाखल्यातील तिसऱ्या चाकराने धन्याचा पैसा उधळला नव्हता, जमिनीत पुरला होता. तरीही तो दोषी ठरला.

मात्र काटकसरीलाही मर्यादा आहे. सर्वांनी एकाच वेळी हात आखडला, तर दुकानदाराचा माल पडून राहतो आणि कामगाराचा रोजगार बुडतो, हे केन्सने १९३६ मध्ये दाखवून दिले. कामगाराचे वेतन बाजारात खर्च होते, तेव्हाच शिंपी, वाणी आणि भाजीवाला यांचे संसार चालतात.

आज चित्र पालटले आहे. २०२२-२३ मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ५ टक्क्यांवर उतरली. कर्जे वाढली, हे त्याचे एक मोठे कारण. घर वा शिक्षणासाठी घेतलेले कर्ज उद्याची उभारणी करते. लग्नाच्या थाटासाठी काढलेले कर्ज उद्याची मिळकत आजच खाऊन टाकते. घरखर्चाची वही लिहिताना हा भेद ज्याने ओळखला, त्याने आपल्या संसाराबरोबर देशाचाही हिशेब सांभाळला.