आधी भावाकडे जा

आमची पणजी मुक्तीची. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत एवढं सांगितलं की पुरे असे. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये ती वाढली. १८९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या, त्यांतली ती एक. आईबाप कोण, गाव कुठलं, हे तिला शेवटपर्यंत धड सांगता आलं नाही. पण पवित्र शास्त्रातला कुठला अध्याय कुठे उघडेल, हे ती न बघता सांगायची, कारण लग्नाआधी ती मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायची.

मी तिला पाहिलेलं नाही. हे सगळं आजीकडून, म्हणजे तिच्या सुनेकडून, चुलीपुढे बसून ऐकलेलं.

रमाबाई उतारवयातही हिब्रू आणि ग्रीक ग्रंथ समोर घेऊन बसत. खेड्यातल्या, नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला कळेल असं बायबल त्यांना मराठीत द्यायचं होतं. त्यात अठराएक वर्षं गेली. १९२१ साली मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबलं नाही. मुद्रितं तपासून होईपर्यंत आयुष्य दे, असं त्यांनी देवाजवळ मागितलं होतं, अशी आठवण मुक्तीतल्या बायका सांगत. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या. १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून ते बायबल बाहेर पडलं.

या विद्वत्तेपुढे मी नतमस्तक आहे. पण आमच्या घरात जास्त वेळा सांगितली गेली ती दुसरीच गोष्ट. रमाबाई इंग्लंडात होत्या तेव्हाची. लंडनजवळ फुलहॅमला समाजानं टाकलेल्या बायकांसाठी एक घर होतं आणि वाँटेजच्या भगिनी तिथं त्यांची सेवा करत. अशा बायकांना कुणी मायेनं जवळ करतं, हे रमाबाईंनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीनं योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून दिला. विहिरीवर आलेली शोमरोनी बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. तो अध्याय रमाबाईंच्या मनात राहिला आणि पुढे मुक्तीत त्याचं कृपासदन झालं. तशाच बायकांसाठी, तशाच मायेनं.

पणजीवर एकदा त्या कृपासदनात भाकरी पोचवायची पाळी आली. ती कुरकुरली. छापखान्यातल्या मोठ्या बाईंनी एवढंच विचारलं, “सकाळपासून काय जुळवत होतीस?” योहानाचा चौथा अध्याय! पणजीनं टोपली उचलली. तोंडोतोंडी येता येता ही गोष्ट थोडी घोटीव झाली असेल. तरी मी ती खरी मानते, कारण पणजीचं पुढचं वागणं आजीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं बांधावरून बिनसलं होतं. विहिरीच्या पाळीवरून ते आणखी चिघळलं आणि दोन्ही घरांची बोलचाल बंद झाली. अशात प्रभुभोजनाचा रविवार आला. आजोबा भाकर घ्यायला उठले, तशी बायकांच्या रांगेतून म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “आधी भावाकडे जा.” मत्तयाचा पाचवा अध्याय देवळात सगळ्यांना ठाऊक होता. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगणारा. त्यावर प्रवचनंही झाली होती. पण भर उपासनेत, पोटच्या पोराला, ते कुणी करायला लावलं नव्हतं.

आजोबा तसेच बाहेर पडले आणि भर उन्हात भावाच्या वस्तीवर चालत गेले. पाळकसाहेबांनी इकडे उपासना पुरी केली, कुणासाठी थांबले नाहीत. त्या दिवशी आजोबांना भाकरही मिळाली नाही आणि प्यालाही नाही. भावानं सुरुवातीला दारात उभंसुद्धा केलं नाही. संध्याकाळी मात्र दोघं एका बाजेवर बसलेले लोकांनी पाहिले. बांधाचा निकाल लागायला पुढे आणखी दोन पावसाळे गेले. बोलणं त्याच दिवशी सुरू झालं होतं.

आज आपल्याकडे वचनांची कमी नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वचन, संडे स्कूलमध्ये पाठांतराची स्पर्धा, पहाटे मोबाईलवर वचन. मला हे सगळं मनापासून आवडतं, माझ्या नातवंडांचं पाठांतर ऐकताना माझा ऊर भरून येतो. पण पणजीच्या पिढीचं शास्त्रावरचं प्रेम पाठांतराशी थांबत नव्हतं. वाचलेलं त्याच दिवशी अंगावर घ्यायचं, मग चारचौघांत मान खाली गेली तरी चालेल, अशी त्यांची रीत होती. त्यात कष्ट होते, अपमान होता, आणि उपाशी पोटी केलेली पायपीटही होती. ते शास्त्र त्यांना जड वाटलं, असं मात्र आजीच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

पुढचा प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला असेल. ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्या घरी त्याआधी जाऊन या.